तोंडी बिल्टी

माझ्या मुलीने केजी वनच्या पहिल्याच दिवशी, शाळेच्या फाटकात उभं राहून, माझ्यासोबत घरी यायला साफ नकार दिला, आणि त्यात तिचं काहीही चुकलं नव्हतं.

चूक माझ्या नोकरीची. मी वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये माल सोडायच्या टेबलावर बसतो. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, दाखवली की माल तुमचा. नाही दाखवली तर सख्खा भाऊ असला तरी हात हलवत परत! (माझा सख्खा भाऊ एकदा कूलर न्यायला आला होता. तसाच परत गेला. भर मे महिन्यात! अजून नीट बोलत नाही.)

तर आमच्या श्रावस्तीची, म्हणजे श्रावूची, शाळा ठरली आणि माझी झोप उडाली. चार वर्षांची पोर! कोणीही चॉकलेट दाखवून 'चल, पप्पांनी बोलावलं' म्हटलं तर? माझी बायको सुजाता नर्स आहे. ती सहसा घाबरत नाही.

"अहो, शाळेत मॅडम आहेत, चौकीदार आहे. तुम्ही काहून इतकं टेन्शन घेऊन राहिले?"

पण ऐकेन तर मी कसला! मी पोरीसाठीही बिल्टी काढली. तोंडी बिल्टी! एक गुप्त शब्द ठरवायचा. घ्यायला येणाऱ्याने तो कानात सांगितला, तरच त्याच्यासोबत जायचं. आठवडाभर तालीम चालली.

"मी स्वतः आलो, तरी?"

"शब्द!"

"आणि ही गोष्ट कोणाला सांगायची?"

"कोणालेच नाही!"

पहिला शब्द होता बर्फी. तो तिने शेजारच्या काकूंना सांगून टाकला, म्हणून रद्द. मग जिराफ. तो माझ्या सासूबाईंना कळला (नातीच्या पहिल्या दिवसासाठी त्या खास उमरेडहून एसटीने आल्या होत्या), म्हणून तोही रद्द. शेवटी शाळेच्या आदल्या संध्याकाळी श्रावूने स्वतःच एक शब्द शोधला आणि माझ्या डाव्या कानात सांगितला. त्या वेळी माझ्या उजव्या कानाला फोन होता, आणि फोनवर ट्रक बंद पडलेला एक ड्रायव्हर माझ्यावर खेकसत होता. मी श्रावूला म्हटलं, "एकदम पक्का!"

सकाळी ती मागे वळूनही न बघता शाळेत गेली. रुमाल मला लागला. तिची काळजी करत मी तीन तास समोरच्या टपरीवर बसलो आणि पाच चहा प्यालो. (साहेबांना सांगितलं होतं, पोट बिघडलंय. पाचव्या चहानंतर ते खरं ठरलं.)

बारा वाजता फाटक उघडलं. चौकीदाराने श्रावूला माझ्यासमोर आणून उभं केलं. तिने हसून माझ्यापुढे कान केला, आणि माझ्या पायाखालची फरशी सरकली. शब्द!

"बर्फी," मी पुटपुटलो.

तिने मान हलवली. नाही.

"जिराफ? संत्रा? पोपट? तर्री? पाटोडी?"

नाही, नाही, नाही. चौकीदार जवळ आला.

"का गा भाऊ, पोरीले मेनू वाचून दाखवून राहिले का?"

तेवढ्यात मॅडम आल्या. "श्रावस्ती, हे कोण आहेत?"

"पप्पा."

"मग जा ना बेटा घरी."

"नाही."

"का गं?"

"सांगत नाही."

संपलं! फाटकातले सगळे पालक आमच्याकडे वळले. एका बाईने आपलं लेकरू उचलून कडेवर घेतलं. दुसरी तिला म्हणाली, "लेकरू भेलं दिसते वं. काहीतरी गडबड आहे."

"मॅडम, तसं काही नाही हो," मी घाम पुसत म्हणालो. "आमचा एक शब्द ठरलाय. तो मी विसरलो."

"कोणता शब्द?"

"आता तो आठवला असता तर विसरलो कशाला म्हटलं असतं!"

मग वाटलं, फोटो दाखवावा. माझ्या मोबाइलमध्ये श्रावूचे हजारभर फोटो आहेत. ऐन वेळी उघडलं काय, तर गोडाऊनमधले फुटलेले तेलाचे डबे. पुढे सरकवलं, फाटलेली पोती. आणखी पुढे, पुन्हा डबे. मॅडमनी मुलीची जन्मतारीख विचारली. मी ठासून लग्नाची तारीख सांगितली. चौकीदाराने काठी या हातातून त्या हातात घेतली. सुजाताला फोन लावला, तर ती ड्यूटीवर आणि तिचा फोन लॉकरमध्ये!

पोटची पोर चार हातांवर उभी, आणि मी तिला घरी नेऊ शकत नव्हतो. आता सांगायला हरकत नाही, मला रडू यायला लागलं होतं.

तेवढ्यात ऑटोतून सासूबाई उतरल्या. जेवायची वेळ झाली तरी आम्ही घरी पोचलो नाही म्हणून त्या शोधत आल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "बाजूले व्हा जवाईबापू." वाकल्या आणि श्रावूच्या कानात काहीतरी बोलल्या. पोरीचा चेहरा असा खुलला! तिने आजीचं बोट धरलं आणि निघाली.

"तुम्हाला कसा माहीत?" मी मागून धावत विचारलं.

"सकाळी वेणी घालताना तिनंच सांगतला. म्हणे, आजी, पप्पा फोनवर होते, त्याईनं ऐकलाच नसन. तू लक्षात ठेव."

चार वर्षांच्या पोरीने मला आदल्या दिवशीच ओळखलं होतं. लाज वाटली. मनापासून वाटली.

"बरं, आता मलाही सांगा."

"काहून सांगू? कोणालेच सांगायचा नाही, असा तुमचाच नियम आहे ना?"

दुसऱ्या दिवशी शाळेने सगळ्या पालकांकडून एक फॉर्म भरून घेतला: मुलाला घ्यायला कोण येणार? आमचा फॉर्म मॅडमनी तपासून परत पाठवला. आईच्या नावापुढे बरोबरची खूण. आजीच्या नावापुढे बरोबरची खूण. माझ्या नावापुढे लाल पेनने लिहिलं होतं, 'सोबत मोठं माणूस असल्यास चालेल.'