ताण होता की सेलेनियम

जळगावच्या एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात मी पीएच.डी. करत होते. भट्टीत, बंद नळीत मी वाढवायचे ते स्फटिक दिसायला काळपट, चकचकीत. मॉलिब्डेनम, गंधक आणि सेलेनियम यांचे. अभ्रकासारखे त्यांचे पापुद्रे निघतात. चिकटपट्टीने सोलत सोलत अगदी एका थराचा पापुद्रा हाती लागला आणि त्यावर लेसर टाकला, की तो स्वतःचा तांबडा प्रकाश देतो. त्या प्रकाशाचा रंग दोन कारणांनी बदलतो. पापुद्रा ताणला तर, किंवा त्यात गंधकाच्या जागी सेलेनियम वाढलं तर. दोन्हींनी रंग एकाच बाजूला सरकतो, गडद तांबड्याकडे. मला फक्त ताणाचा परिणाम दाखवायचा होता.

त्यासाठी पापुद्रा प्लास्टिकच्या पट्टीवर बसवायचा आणि पट्टी वाकवायची. एकाच पापुद्र्याचं माप आधी सरळ पट्टीवर आणि मग वाकवून घ्यायला हवं. पण वाकवताना माझे पापुद्रे फाटायचे, सुटून यायचे. कंटाळून मी सरळ माप एका पापुद्र्याचं घेतलं आणि वाकवलेलं दुसऱ्याचंच. दोन्ही एकाच नळीतल्या स्फटिकांचे आहेत, काय फरक पडतो, अशी स्वतःची समजूत घातली. रंग भरपूर सरकला. माझे मार्गदर्शक सर खूश झाले. शोधनिबंध छापून आला. पापुद्रे वेगवेगळे होते, हे मी त्यात लिहिलं नाही.

त्यावर बोलायला मला धुळ्याला, देवपूरच्या एका कॉलेजात बोलावलं. व्याख्यान संपल्यावर एम.एस्सी.ची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, सरळ आणि वाकवलेलं, दोन्ही मापं एकाच तुकड्याची आहेत का?"

"हो, अर्थातच," मी म्हणाले.

एवढं सरळ खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. आणि बोलताना जीभ जराही अडखळली नाही.

तीच मुलगी पुढे प्रकल्पासाठी आमच्याकडे आली. माझाच प्रयोग तिला करून बघायचा होता. तिचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. घरी पावसावरची थोडी शेती, बाकी जंगलात जे मिळेल ते. शिकायला देवपूरला खोली घेऊन राहायची आणि शनिवारी सकाळच्या एसटीने जळगावला यायची. एकदा आईने दिलेली चारोळी माझ्यासाठी घेऊन आली. मी ती घेतली.

तिचा हात इतका हलका होता, की तिचे पापुद्रे फाटतच नसत. एकाच पापुद्र्याची दोन्ही मापं ती सहज घ्यायची. आणि रंग जेमतेम सरकायचा.

"पट्टी नीट वाकत नसेल तुझी," मी सांगितलं.

तिने पट्टी बदलली, चिमटे बदलले. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

तिच्या तोंडी परीक्षेला थोडे दिवस उरले असताना, ती नसताना, मी माझी जुनी नळी काढली. नळीच्या दोन्ही टोकांचे स्फटिक घेतले आणि काहीही न वाकवता मोजले. दोन टोकांच्या रंगांत तेवढाच फरक होता, जेवढा मी निबंधात दाखवला होता. भट्टीत नळीचं एक टोक जास्त तापतं आणि दोन टोकांना सेलेनियमचं प्रमाण वेगळं पडतं. मी ताण म्हणून छापलेलं जवळजवळ सगळं सेलेनियम होतं. मुलीचंच बरोबर होतं.

मी कोणाला सांगितलं नाही. माझा प्रबंध लिहून होत आला होता.

तोंडी परीक्षेच्या वेळी मीही तिथे होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला विचारलं, "छापून आलेल्या निबंधात एवढा बदल दिसतो, तुमच्याकडे का नाही?"

ती आपल्या आलेखाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, माझ्याच प्रयोगात चूक राहिली असेल."

परीक्षक माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचं काय मत?"

खरं बोलायला तेवढं एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "सरावाने जमेल तिला."

बाहेर व्हरांड्यात ती माझ्यापाशी आली. माझ्याशी नेहमी पुस्तकी मराठी बोलणारी ती एकदम घरच्या अहिराणीत म्हणाली, "मनीच चूक शे, ताई, माझीच चूक आहे. तुमचा किती वेळ वाया घालवला मी." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताची मला अजून लाज वाटते.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म तिने भरला नव्हता. "प्रयोग आपल्या हातचं काम नाही हो, ताई," ती हसत म्हणाली. देवपूरलाच एका शिकवणीत गणित शिकवायला लागली होती.

फोन ठेवून मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्या मुलीला सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी इथे कशाला आलीस?"

दुसऱ्या दिवशी मी देवपूरला तिच्या खोलीवर गेले. तिने स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मी तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे माझं माप बरोबर होतं?"

"हो."

"तोंडीच्या दिवशी तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

ती उठून खिडकीपाशी गेली. मी म्हणाले, जुना निबंध मागे घेतेय. तुझ्या मापांवर नवा लिहू, त्यात तुझं नाव घालते.

"नाव पहिलं घाला," ती पाठमोरीच म्हणाली. "आणि चूक कोणाची होती, ते त्यात स्पष्ट लिहा."

तसं लिहिलं. माझ्या प्रबंधातलं ते प्रकरण काढावं लागलं, पदवी लांबली. तिचे गुण मात्र बदलले नाहीत. निकाल लागून गेला होता. मी तिच्या कॉलेजला पत्र दिलं, ते फायलीत गेलं असावं. आता मी स्वतः शिकवते. एखादी विद्यार्थिनी "माझंच चुकलं असेल" म्हणाली, की माझे कान तापतात आणि मी तिची वही मागून घेते.

पुढच्या वर्षी तिने फॉर्म भरला, असं दुसऱ्यांकडून कळलं. संशोधनाला ती पुण्याला गेली. आमचा निबंध छापून आल्यावर मी तिला प्रत पाठवली. "मिळाली," एवढंच उत्तर आलं.