पत्र्यातल्या शहराची पाठ

नरसाळेकाकांचं खरं आडनाव गल्लीत फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि तेही आता विसरले होते. बेचाळीस वर्षं हा माणूस पत्र्याची नरसाळी, बादल्या, डबे आणि छपराच्या पन्हळी करत आला. त्यांच्या हातची वस्तू नाही असं घर सापडणं कठीण. पण ती बघायची म्हणून कुणी कधी हातात घेतली नव्हती. बादलीकडे कोण बघतं? सगळे बघतात ते पाण्याकडे. काकांना त्याचं काही वाटत नाही, असा काकूंचा इतकी वर्षं समज होता.

अशात नगरपालिकेचं काम आलं. स्टेशनाच्या बाहेरच्या भिंतीवर लावायला आठ हात लांब पत्र्याचं कातरकाम हवं होतं. त्यात घड्याळाचा मनोरा, वाचनालयाचा घुमट आणि जुन्या गिरणीचं धुराडं. "गाडीतून उतरणाऱ्याला बघताक्षणी कळलं पाहिजे, आपण कुठल्या शहरात आलो ते," असं बजावून इंजिनियरसाहेब निघून गेले. चित्र काही दिलं नाही. सगळ्या शहराला पाठ असलेल्या गोष्टीचं चित्र कशाला द्यायचं?

तिथेच माशी शिंकली.

पुढचा दीड महिना काकूंनी कसा काढला, ते त्यांचं त्यांना माहीत आणि देवाला. पुढची खोली पत्र्याने भरली. धुराड्याकडचं टोक दाराबाहेर गेलं, त्यावर येणारेजाणारे ठेचकाळू लागले आणि बोलणी खायला काकू. सकाळी डोळे मिटून नामस्मरणाला बसावं तर तिसऱ्या नावाला हातोडा पडायचा. "देवा, क्षमा कर," त्या मनात म्हणायच्या, "पण तुझं नाव घ्यायला जावं तर तोंडात पत्राच येतो." जेवायला हाक मारली की खोलीतून उत्तर यायचं, "आलोच!" त्या 'आलोच'वर दोन वेळा आमटी गरम करून व्हायची. विचारलं तर म्हणायचे, "अगं, कडा अजून टोचतायत. एवढी कानस मारतो." जसं काही लोक स्टेशनावर येऊन त्या मनोऱ्याला मिठीच मारणार होते!

शनिवारी साहेब काम बघायला आले. पत्रा भिंतीला उभा करून ठेवला होता. साहेबांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, चष्मा पुसला.

"काका, हे कुठलं शहर?"

"कुठलं म्हणजे?"

"धुराडं डावीकडे, मनोरा उजवीकडे. सगळं उलटं आहे! आणि घड्याळ कुठाय?"

"घड्याळ पुढच्या अंगाला आहे," काका शांतपणे म्हणाले. "मागून शिडी दिसते. ती बघा, केलीय."

काकूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि पाठोपाठ तिडीक गेली. घर मनोऱ्याच्या मागच्या वस्तीतलं. गच्चीवर गेलं की डाव्या हाताला धुराडं, मध्ये घुमट, उजव्या हाताला मनोऱ्याची पाठ, आणि त्या पाठीवर लोखंडी शिडी. काकांनी जन्मभर तेच बघितलं, तेच कापलं. काकूही रोज कपडे वाळत घालताना तेच बघत होत्या, म्हणून दीड महिन्यात त्यांनाही काही खटकलं नव्हतं! आता भांडायचं तरी कोणत्या तोंडानं?

माहेरी आलेल्या लेकीने मोबाइल पुढे केला. "बाबा, हे बघा. कॅलेंडरवर हेच, बिस्किटांच्या डब्यावर हेच. सगळं जग पुढच्या चौकातूनच फोटो काढतं."

"जग दोन दिवसांसाठी येतं. इथं राहतो कोण?"

"पण परक्या माणसाला ओळख पटायला नको का?" साहेब म्हणाले.

"परक्याला कसली ओळख पटणार? आधी ओळख असेल त्याला पटते."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "हे बघा, पत्रा सरळ उलटा फिरवून लावा, वर एक घड्याळ डकवा, झालं काम. गुरुवारी सकाळी बसवायचंय. नाही जमलं तर छापील प्लॅस्टिकचा बोर्ड तयार आहे, तो लागेल."

"उलटा?" काकांचा आवाज पहिल्यांदा चढला. "पाठ आहे ती! तिकडे पत्रे जोडणाऱ्या सगळ्या रिबिटांची टोकं आहेत. उघड्या पाठीनं भर चौकात उभं राहू म्हणता?"

साहेब गेले. काकांनी हातोडा खाली ठेवला आणि रात्रीपर्यंत उचलला नाही. दीड महिना ज्या आवाजाने जीव नकोसा केला होता तो बंद झाला, तर काकूंना नामस्मरणच सुचेना. आता याला काय म्हणावं?

रविवारी सकाळी त्यांनी काकांना अक्षरशः ओढून पुढच्या चौकात नेलं. चालत वीस मिनिटांचा रस्ता. पण काकांना तिकडे जाऊन किती वर्षं झाली असतील कोण जाणे. चौकाच्या मधोमध उभे राहून त्यांनी बराच वेळ वर बघितलं.

"बघितलंत?"

"बघितलं." काकांनी नाक मुरडलं. "धुराडं फारच कडेला गेलंय. पूर्वी असं नव्हतं."

"अहो, गिरणीचं धुराडं कोण हलवणार? काय ट्रंक आहे ती?" काकूंचा बांध फुटला. शेजारी फोटो काढणारे लोक वळून बघायला लागले, पण आता कोण थांबतं! "बेचाळीस वर्षं नरसाळी केलीत. एकाने तरी नरसाळं उलटंसुलटं करून म्हटलं का, वा, काय काम आहे? आता पहिल्यांदा लोक मान वर करून तुमच्या हातचं काम बघणार, आणि तुम्ही मागची बाजू धरून बसलात! लावू दे त्यांना प्लॅस्टिक. मग बघत बसा गच्चीवरून!"

परतीच्या वाटेवर निम्मं अंतर झाल्यावर काका हळूच म्हणाले, "मला वाटायचं, तुला ते माहीत नाही."

"काय ते?"

"कुणी बघत नाही, ते."

काकूंनी रस्त्याच्या खड्ड्यांना नावं ठेवायला सुरुवात केली.

घरी येताच हातोडा सुरू झाला. काकांनी पत्रा पालथा घातला आणि पाठीचं एकेक टोक ठोकून, घासून गुळगुळीत केलं. मंगळवारी गोल घड्याळ कापून मनोऱ्यावर बसवलं. बुधवारी दुपारी रंग वाळला आणि काकूंनी हुश्श केलं. तेवढ्यात बघतात तर काकांनी पत्रा पुन्हा उलटवलेला!

"आता काय राहिलं?"

"घड्याळाच्या रिबिटांची टोकं शिडीकडे आली ना. ती घासायला नकोत?"

"अहो, ती बाजू भिंतीकडे जाणार! भिंतीला दाखवायला घासताय?"

"एवढी कानस मारतो," काका म्हणाले.

काकूंनी देवापुढे बसून फक्त हात जोडले. मागायचं काय, तेच कळेना.

गुरुवारी पत्रा स्टेशनावर पोचला. कामगार तो भिंतीला चिकटवून ठोकायला निघाले, तसे काका आडवे आले. "वीतभर अंतर ठेवा. मागून हवा खेळली पाहिजे, नाही तर वर्षात गंज धरेल." साहेब आधीच उन्हाने आणि काकांनी वैतागलेले. "ठेवा रे बाबांनो, वीतभर ठेवा!"

अकराची गाडी आली. लोक बाहेर पडू लागले. हातात बॅग घेतलेला एक माणूस थबकला, मान वर करून शेजारच्या बाईला म्हणाला, "ते बघ, मनोरा! आलो बुवा एकदाचे." काकूंचा ऊर भरून आला. काकांना दाखवायला त्या वळल्या, तर काका जागेवर नाहीत.

ते पत्र्याच्या टोकाशी होते. गाल भिंतीला लावून, एक डोळा मिटून, मागच्या फटीत बघत होते.

"अहो! लोक बघतायत!"

"बघू देत. त्यासाठीच लावलंय ना?"

"पत्र्याकडे नाही, तुमच्याकडे!"

"शिडीची तिसरी पायरी वाकडी बसलीय गं."

काकूंनी इकडे तिकडे बघितलं, हातातली पिशवी काकांच्या हातात कोंबली, त्यांना कोपराने बाजूला सारलं आणि स्वतःचा गाल भिंतीला लावला. फटीत अंधुक उजेड होता. पायरी खरंच वाकडी होती.

"आता ती सरळ करायला भिंत पाडा म्हणू नका, म्हणजे मिळवलं," त्या म्हणाल्या.