लायसन्स वहिनींचं, अक्षर माझं

"हा आमचा ड्रायव्हर." साहेबांनी माझी ओळख करून दिली. विमा कंपनीचा चौकशी अधिकारी समोर बसलेला. मी उभा. वय पन्नास. मला सायकलशिवाय काही चालवता येत नाही.

"जा रे, चहा सांग," साहेब म्हणाले.

साहेब बँकेत शाखाधिकारी. बँकेतल्या माणसाला विम्याची एजन्सी चालत नाही, म्हणून लायसन्स त्यांच्या बायकोच्या, वहिनींच्या नावावर. हॉलमध्ये फ्रेम करून लावलेलं. वहिनींनी आयुष्यात एक फॉर्म भरला नाही. सत्काराची शाल मात्र त्यांना, आणि मी खुर्च्या मांडायला. अकरा वर्षं गावोगाव फिरून पॉलिसी मी विकल्या. मीच लायसन्सची परीक्षा देतो म्हणालो, तर साहेब हसले. "तुझं आडनाव बघून कोण विमा उतरवील? लोक आमच्या घराण्याकडं बघून सही करतात." मी ऐकून घेतलं. लाज साहेबांना नव्हतीच. मलाही नव्हती.

गडहिंग्लजच्या एका टेलरनं फॉर्म भरताना स्पष्ट सांगितलं होतं, "पावणं, मला साखर हाय. लिवा की तसं." साहेबांचा हुकूम ठरलेला: आजार लिहिला की तपासणी लागते, काम लांबतं. मी 'नाही' लिहिलं. तो वारला. आजार लपवला म्हणून कंपनीनं दावा फेटाळला. त्याची बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडली नाही. "माझा मालक खोटारडा न्हवता. तुमास्नी म्हायती हाय." तिनं तक्रार केली, म्हणून ही चौकशी.

"फॉर्म हिनंच भरला. त्या माणसानं आम्हालाच फसवलं," शेजारी बसलेल्या वहिनींकडं बोट दाखवत साहेब अधिकाऱ्याला सांगत होते. मेलेल्यावर ढकलत होते. वहिनी मान हलवत होत्या.

मी चहा सांगायला गेलो नाही. अधिकाऱ्याला म्हणालो, "मी ड्रायव्हर न्हाय. पॉलिसी मी विकली. त्यानं साखर सांगितलेली. 'नाही' मी लिवलं. अक्षर ताडून बघा."

"लायकीत राहा!" साहेब ओरडले. घराणं ते एवढंच.

अधिकारी मला म्हणाला, "परवान्याशिवाय विक्री केलीत. तुमच्यावरही कारवाई होईल."

"व्हायलाच पायजे की. लिवून घ्या."

जबाबाखाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. पण तो जबाब एकाच फॉर्मचा. मी लिहिलेलं खोटं 'नाही' अजून कितीतरी घरांच्या कपाटात जपून ठेवलेलं आहे. लोक त्याच्या भरवशावर निवांत आहेत. त्या प्रत्येक दारात मी जाणार. शिव्या बसतील, चपलाही बसतील. खरा आजार कंपनीला कळवल्याशिवाय उंबऱ्यावरून हलणार नाही.