बायोडाटा काढून टाकल्याची जाहीर सूचना

माहिती संरक्षणाचा नवा कायदा आला आणि संस्थांना तो समजावून सांगणं हा माझा धंदा झाला. लोकांची माहिती त्यांना विचारून घ्या, कामापुरती वापरा, त्यांनी सांगितलं की पुसून टाका. खरं तर एवढंच सांगायचं असतं, पण कोल्हापुरात ते सांगता सांगता माझा घसा बसतो. इथं स्टँडवर शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा "पावणं, गाव कुठलं? पोरं किती? पगार किती?" विचारतो आणि उत्तर दिलं नाही तर आपणच शिष्ट ठरतो.

मला सगळ्यात जास्त छळलं ते शिवाजी पेठेतल्या एका वधूवर सूचक मंडळानं. ते चालवणारे काका निवृत्त शिक्षक, माणूस मनानं सोनं. आलेला प्रत्येक बायोडाटा ते फोटो आणि नंबरासकट गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकत. मी परवानगीचा विषय काढला तर म्हणाले, "अवो म्याडम, बायोडाटा ही काय लपवायची गोष्ट हाय व्हय? फिरला न्हाय तर लगीन जमायचं कसं?"

मी तिथं बसलेली असतानाच एक मुलगी आली. ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना फिजिओथेरपी देते. पेशंट ज्या नंबरावर बोलावतात, तोच नंबर बायोडाटावर. अर्धांगवायू झालेल्या आजोबांचा हात धरून व्यायाम करून घेत असताना फोन वाजतो आणि पलीकडून कुणा मुलाचा मामा विचारतो, "पोरगी गोरी हाय का?" नंबर बदलावा तर पेशंट तुटतात. माझा बायोडाटा काढून टाका, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मला तर हर्षच झाला. कायदा शिकवायला याहून सोपं उदाहरण कुठं मिळणार? काकांना सगळं नीट समजावलं. "आजच्या आज काढतो की," ते म्हणाले.

आणि खरंच काढला. कागद फाडला, मोबाईलमधला फोटो पुसला. पण पुसण्याआधी तोच फोटो लावून सगळ्या ग्रुपवर सूचना टाकली: या मुलीनं आपला बायोडाटा काढून टाकण्यास सांगितलं आहे, तरी खालील नंबरवर कोणीही फोन करू नये. खाली ठळक अक्षरांत नंबर. फोटो कशाला लावला म्हणाल, तर लोकांनी दुसरीच कुणी मुलगी समजू नये म्हणून!

आधी फक्त मुलाकडचे फोन करत होते, आता अख्खा तालुका करू लागला. का काढला? काय भानगड झाली? एका बाईनं तर "होतं गं असं, माझ्या भाचीचंबी मोडलंतं" म्हणून तिचं सांत्वन केलं. एका पेशंटच्या सुनेनं "थोडे दिवस येऊ नका" सांगितलं, तेव्हा ती मुलगी मला फोन करून रडली. मी तशीच तणतणत मंडळात गेले आणि काकांवर अक्षरशः ओरडले.

काका दुखावले. "लोकांस्नी सांगितलंच न्हाय, तर त्यांनी फोन बंद कसं करायचं?" मी कपाळावर हात मारून घेतला. संताप याचा होता की बायोडाटा शेकडो मोबाईलमध्ये जाऊन बसला होता आणि तो तिथून कसा पुसायचा, हे मलाही सांगता येत नव्हतं.

शेवटी तिनं नंबर बदलला. जमेल तेवढ्या पेशंटना स्वतः कळवलं, बाकीच्यांनी दुसरं कुणीतरी बघितलं. काकांना हे समजलं आणि त्यांचा मला फोन आला.

"लई वाईट झालं ओ. तिचा नवा नंबर द्या की, पोरीची माफी मागायची हाय."

नंबर माझ्याकडे होता. इतक्या कळवळ्यानं मागणाऱ्या म्हाताऱ्याला नाही म्हणताना जीव तुटला, तरी म्हटलं, "माझ्याकडे नाही, काका."

"आसूं दे, आसूं दे," ते म्हणाले. "तुम्ही नका काळजी करू. ग्रुपवर इचारतो."