पाटावरचा नाग

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढे तर नाहीच — त्याला ठाऊकच असणार. मग तुम्हालाच का सांगतेय? तेही मला नीट सांगता येत नाही.

शिरपूरकडच्या एका खेड्यात मला दिलं होतं. मी धुळ्याची, पालीलाही घाबरणारी. आणि सासऱ्यांच्या — आबांच्या — विहिरीच्या दगडांत एक नाग राहायचा. आबा त्याला भाऊ म्हणायचे. मळ्यात शिरताना टाळी वाजवायचे, म्हणजे भावाने वाट सोडावी. तो सोडायचाही. मी मात्र रोज जीव मुठीत धरून पाण्याला जायची. हा मेला तर बरं, असं किती वेळा मनात आलं असेल!

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. एका पहाटे हिव पडलं. उजाडलं तर मळा पांढरा, तूर करपलेली, गुरांच्या दगडी डोणीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा. आमच्या खान्देशात असं कुणी पाहिलेलं? मी झोपेतच चालतेय की काय, असं वाटत होतं. आणि बांधावर तो पडला होता. ताठ.

आबा लहान मुलासारखे रडले. "मना भाऊ गया वं." मेलेल्या नागाला माणसासारखा अग्नी द्यायचा, ही आमच्याकडची रीत. त्यांनी त्याला लाकडी पाटावर ठेवलं, वर स्वतःचं उपरणं घातलं. "पोरी, तू त्यानाजोडे बठ. मुंग्या लागू देऊ नको," म्हणाले आणि लाकडं आणायला गेले.

मी बसले. धुकं विरत गेलं, कोवळं ऊन हळूहळू पाटावर आलं. इतकं बरं वाटलं ते ऊन, की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा उपरण्याबाहेर शेपटीचं टोक — वळत होतं. मग डोक्याकडचं कापड हललं, आणि जीभ दिसली.

मला कळलं नाही, असं म्हणू? माहेरी थंडीने काकडून पडलेली पाल ऊन लागताच भिंतीवर चढायची; मी ते कैकदा पाहिलं होतं. तो मेला नव्हता. मला ठाऊक होतं. एक हाक पुरली असती. मी उपरणं नीट ओढून घेतलं, आणि पाट सरकवला — आंब्याच्या सावलीत, जिथे गवतावर अजून दहिवर होतं.

आबा आले. "हालना का वं तो?"

"नाही, आबा. हलला नाही."

चितेत त्याचा फणा उभा राहिला. लोक म्हणाले, आगीने शिरा ओढल्या. आबांनी हात जोडले.

त्यांनी मिशा उतरवल्या, सुतक पाळलं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, माझ्या सुनेने भावाला शेवटी एकटं सोडलं नाही. मी मान खाली घालून ऐकायची. विहिरीची वाट मोकळी झाली होती, तरी आबा टाळी वाजवतच मळ्यात शिरायचे.

शेवटच्या आजारपणात त्यांना थंडी सोसेना. सकाळ झाली की म्हणायचे, "पोरी, मनी खाट उन्हमा ओढ." मी ओढायची. पायांवर पांघरूण नीट करायची. तेव्हाही मी ते सांगितलं नाही.