वेल्डर म्हणायचं नाही

समाजाच्या परिचय मेळाव्यात निवेदकानं माझा हात धरला आणि लोकांसमोर वर केला. नागपूरच्या इतवारीतलं मंगल कार्यालय, लग्नाच्या पोरापोरींनी आणि त्यांच्या आईबापांनी खच्चून भरलेलं. मी माईकवर नुकतंच सांगितलं होतं, शिक्षण आयटीआय, वेल्डर, एमआयडीसीत कामाला. निवेदक म्हणजे समाजातले एक निवृत्त प्राचार्य. त्यांनी माझी बाही कोपरापर्यंत सरकवली. ठिणग्यांचे डाग सगळ्यांना दाखवले.

"मुलीच्या हातावर मेंदी असते, इथं बघा काय आहे. नवरदेवानं हेल्मेट घालून यावं."

सगळं कार्यालय हसलं. पहिल्या रांगेतले डॉक्टर, वकील, बिल्डर हसले. कोणी मोबाईल वर धरले. मागच्या खुर्चीवर माझे बाबा होते. तेही हसले. आजूबाजूला बघत, लोकांच्या बरोबरीनं.

प्राचार्य परका माणूस. बाबांचं ते हसणं मात्र मी कधीच माफ करणार नाही.

लोकांना वाटतं, पोरीला दुसरीकडे कुठं जागा मिळाली नाही म्हणून आयटीआय. खोटं आहे. पत्र्याचे दोन तुकडे माझ्या हातानं पहिल्यांदा जुळले, मास्तरांनी हातोडा मारून बघितला, सांधा हलला नाही. त्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये एकटीच हसत होते. पुढं काय करायचं, हे मला त्याच दिवशी कळलं. घरी मात्र बाबा काटोलच्या नातेवाईकांना सांगायचे, पोरगी नागपूरले कोर्स करून राहिली. कसला, ते कधी सांगितलं नाही. आईनं तर तोंडात मिठाची गुळणीच धरली होती. भर मे महिन्यात माझ्यासाठी पूर्ण बाह्यांचे कुर्ते शिवून आणायची.

जेवणाच्या रांगेत बेसा भागातल्या एक बाई आल्या. त्यांचा मुलगा बँकेत. मी ताट घेऊन समोर उभी होते, तरी त्या बाबांशीच बोलल्या.

"पोरगी चांगली आहे जी तुमची. फक्त ते वेल्डर-बिल्डर कोणाले सांगू नका. बीए म्हणू. आन् लग्नानंतर काम बंद."

"बंदच समजा जी," बाबा म्हणाले. "हौस होती तिची."

हौस. उन्हाळ्यात तापलेल्या शेडमध्ये, तोंडावर ढाल धरून, घामानं डोळे चुरचुरत असताना मी जे करते, ती हौस. माझं सगळं आयुष्य बाबांनी वरणभाताच्या रांगेत देऊन टाकलं.

"हौस नाही, धंदा आहे माझा. मी सोडत नाही," मी म्हणाले. मग बाईंकडे वळले. "वेल्डर म्हणाची लाज वाटत असन, तं पोरगा तुमच्याजवळच ठेवा काकू."

आईनं मला चिमटा काढला. "काहून बोलली वं? जमत आलं होतं ना."

घरी पोचेपर्यंत व्हिडिओ समाजाच्या ग्रुपवर आला होता. माझा वर धरलेला हात, आणि खाली हसून लोळणारे इमोजीचे चेहरे. आत्याचा, मामाचा, सगळ्यांचा. बाबांनी एकच सांगितलं. त्या बेसाच्या बाईची माफी माग, नाहीतर या घरात पाय ठेवू नको.

मी त्याच संध्याकाळी बॅग भरली. आता हिंगण्याकडे खोली करून राहते.

धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला आहे. त्याची ओळख बाबा सगळ्यांना छाती फुगवून करून देतात. त्याची फी आजवर माझ्या पगारातून गेली, हे कोणाला सांगत नाहीत. परवा त्याचा फोन आला. फी भरायची आहे ताई, म्हणाला, आणि रडला. त्याचा काही दोष नाही, हे मला कळतं. तरी नाही म्हणाले. ज्या कामाचं नाव त्या घरात घेता येत नाही, त्या कामाचा पैसा त्या घरात जाणार नाही. बाबांनी चारचौघांत सांगावं, माझी पोरगी वेल्डर आहे. तोवर एक रुपयाही नाही.