मुठीचा डबा

"दंड दाखव," असं म्हणत बाई समोरच्याचा दंड दोन बोटांत धरायच्या. नमस्कार-चमत्कार नंतर. तुम्ही भेटला असता तर तुमचाही धरला असता. नांदेडच्या इंग्रजी शाळेत शिकलेली मी रेणापूरला शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी त्यांनी माझा दंड चाचपला आणि सगळ्या शिक्षकांसमोर विचारलं, "कॉन्व्हेंटात जेवायला देत न्हाईत का गं?"

मी कुणाशीच फारसं बोलत नसे. डबासुद्धा भिंतीकडे तोंड करून खायचे आणि निम्मा परत न्यायचे.

बाई खेळ शिकवायच्या. दुष्काळ होता. मैदानावर मारायला पाणी नव्हतं, कडक ढेकळांवर पोरींचे गुडघे फुटायचे. टँकरच्या रांगेत उभं राहून, घागरी घरी पोचवून पोरी उपाशीच खो-खोला यायच्या.

"घागरीनं दंड होतेत. पळायला पोटात काई तरी लागतं," बाई म्हणायच्या.

त्यांनी नियमच केला. प्रत्येकीनं घरातून एक मूठ आणायची. मटकी, हुलगे, शेंगदाणे, असेल ते. कडधान्य फडक्यात बांधून मोड आणायचे, भिजवल्याचं पाणी शाळेच्या लिंबाला. सकाळी सगळं एका पितळी डब्यात, वर गूळ फोडून. कुणाची मूठ कुठली ते कळायचं नाही.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. जिल्ह्याचा मुलींचा पहिलाच खो-खो संघ निवडायचा होता. आमच्या खेळणाऱ्या पोरींतल्या सुमनच्या घरी तिच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. पोरगी संघात आली तर थांबू, असं तिच्या वडिलांनी बाईंना कबूल केलं होतं.

निवडीच्या सकाळी लातूरच्या मैदानावर बाईंनी डबा उघडला. एकीनंही हात घातला नाही.

"खावा की गं!"

"उपास हाय, बाई," एक पोरगी म्हणाली. "सुमीसाठी. समद्यांनी देवीला बोललोय."

"सुमे, तू बी?"

"माझ्यासाठी ह्या उपाशी," सुमन पुटपुटली, "मी एकटी कशी खाऊ?"

मला वाटलं, आता बाई भडकणार. पण त्या डबा घेऊन मातीत बसल्या.

"उपास मला द्या. एकेकीचा एक मंगळवार मी धरते. आता खावा."

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. बाई बौद्ध होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं.

"तुमच्यात उपास असतेत का, बाई?"

"नसतेत. शब्द असतो की."

पोरी हसल्या आणि डब्यावर तुटून पडल्या. सुमन त्या दिवशी अशी पळाली, की खांबाजवळ वाकली एवढंच दिसायचं, पुढच्या क्षणी ती भलतीकडेच असायची. तिची निवड झाली.

नंतरच्या मंगळवारी बाईंनी स्वतःचा जेवणाचा डबा आणलाच नाही. मी धीर करून म्हटलं, "बाई, सोडून द्या. कुणाला कळणार आहे?"

"शब्द देवीला न्हाई दिला गं. पोरींना दिलाय." मग माझा डबा पुढे सरकवत म्हणाल्या, "तू खा. भिंतीकडं न्हाई, माझ्याकडं तोंड करून."

तेव्हापासून दर मंगळवारी मी त्यांच्यासमोर जेवायचे. हळूहळू डबा संपायला लागला. त्या मात्र अंगानं उतरत चालल्या होत्या.

नव्या जिल्ह्यात बदल्याही भराभर निघत होत्या. सगळ्या पोरींचे मंगळवार संपायच्या आतच बाईंना जळकोटची शाळा मिळाली. निघायचा दिवसही नेमका मंगळवार. पोरींनी घरोघरच्या मुठींनी पितळी डबा भरून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"उद्या खाते," बाई म्हणाल्या.

एसटी सुरू झाली तसा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. मी न सांगता दंड पुढे केला. त्यांनी दोन बोटांत धरून पाहिला, मान हलवली, म्हणाल्या, "आता हाय बघ."

दुसरा हात डब्याच्या झाकणावरच होता. गाडी धुरळा उडवत निघाली तरी तो तिथून हलला नाही.